रोगलाइक कोणाला म्हणायचं? मेल्यावर शिदोरी कोणाकडे राहते ते पाहा

प्रश्न असा आला आहे: ‘आम्ही तिघं मिळून कोथरूडमध्ये एक मोबाइल गेम बनवतोय. गडाखालचं भुयार आहे, ते दर वेळी वेगळं तयार होतं. मेलं की पहिल्यापासून सुरुवात. पण गोळा केलेले होन शिल्लक राहतात आणि त्यातून ढाल-तलवार कायमची मजबूत करता येते. लढाई चालू वेळेत होते, थांबत नाही. ॲप जिथून घेतात त्या दुकानाच्या पानावर आम्ही ‘रोगलाइक’ लिहिलं. आमच्यातला एक जण म्हणतो की २००८ च्या बर्लिनच्या व्याख्येप्रमाणे हा रोगलाइक नाहीच, आपण लोकांना फसवतोय. दुसरी म्हणते, आज सगळे असंच लिहितात. बरोबर कोण?’

उत्तर आधी देतो. ‘रोगलाइट’ लिहा, म्हणजे रोगलाइकवरून निघालेला, पण मेल्यावरही कमावलेली ताकद शिल्लक ठेवणारा खेळ. नुसता ‘रोगलाइक’ शब्द पानावर ठेवू नका. एवढ्या ठामपणे का सांगतो, ते समजावायला मात्र वेळ लागेल. या शब्दावर मी पंचवीसेक वर्षं भांडत आलोय आणि मधल्या काळात माझं मत दोनदा बदललंय.

आधी या नावाचं बघू. मराठीत ‘रोग’ लिहिलं की डोळ्यांपुढे दवाखाना येतो. इथे तो इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा अर्थ लुच्चा, कोणाच्या बांधिलकीत नसलेला भटक्या माणूस. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी या नावाचा खेळ लिहिला. पुढे टॉय बर्कलीला गेले आणि तिथे केन अरनॉल्ड त्यांना येऊन मिळाले. टर्मिनलच्या पडद्यावर हव्या त्या जागी हवं ते अक्षर ठेवता येईल अशी ‘कर्सेस’ नावाची लायब्ररी, म्हणजे प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार आज्ञांचा संच, याच अरनॉल्ड यांनी लिहिली होती, आणि ती नसती तर हा खेळ पडद्यावर उभाच राहिला नसता. @ हे चिन्ह म्हणजे तुम्ही. इंग्रजीची २६ मोठी अक्षरं म्हणजे २६ जातींचे राक्षस. सव्विसाव्या मजल्यापर्यंत उतरायचं, येंडॉरचा ताईत शोधायचा आणि तो घेऊन जिवंत वर यायचं.

असा हा पहिलाच खेळ होता असं मात्र नाही. डॉन वर्थ यांचा ‘बिनीथ ॲपल मॅनर’ १९७८ मध्येच ॲपल टू संगणकावर आला होता. त्यातही दर वेळी नवं तळघर तयार व्हायचं. मग ‘मॅनरलाइक’ असं नाव का पडलं नाही? कारण ‘रोग’ बर्कलीच्या युनिक्स या संगणकप्रणालीबरोबर, म्हणजे बीएसडीबरोबर वाटला गेला आणि विद्यापीठांच्या संगणकांवर आपोआप जाऊन बसला. ज्यांच्या हाती तो पडला त्यांनी त्याच्या धर्तीवर आपापले खेळ लिहिले: ‘हॅक’, ‘मोरिया’, १९८७ मध्ये ‘नेटहॅक’, १९९० मध्ये ‘अँगबँड’. १९९३ मध्ये यूजनेट या संगणकांवरच्या जुन्या चर्चामंचावर या सगळ्यांची चर्चा एका छताखाली आणायची ठरली, तेव्हा छतावर काहीतरी पाटी लावावी लागणार होती. ‘रोगसारखे’ ही पाटी लागली. चर्चेच्या सोयीसाठी लावलेली पाटी पुढे व्याख्या होऊन बसली. आजच्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथे आहे.

मला हा प्रकार नव्वदीच्या शेवटी भेटला, पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये. आमच्या एका सीनियरने नेटहॅक चालू करून दिला. तिसऱ्या दिवशी मी कॉकट्रीस नावाचा कोंबडीसारखा प्राणी मारला आणि त्याचं प्रेत उघड्या हाताने उचललं. माझा दगड झाला. खेळ संपला. मी सेव्ह फाइल शोधत बसलो, तर ती नव्हतीच. सीनियर म्हणाला, ‘हातमोजे घातले असतेस तर तेच प्रेत हत्यार म्हणून वापरता आलं असतं. ज्याला लागेल त्याचा दगड.’ पुढच्या आठवड्यात मी हातमोजे घालून ते प्रेत हातात धरलं, दोन शत्रूंचे दगड केले, आणि मग खड्ड्यात पडलो. पडताना प्रेत अंगाला लागलं. पुन्हा दगड.

हे दोन मृत्यू मला अजून लख्ख आठवतात. त्या दोन आठवड्यांत पडद्यावरच्या पात्राला काहीच मिळालं नव्हतं, प्रत्येक वेळी ते कोरंच सुरू झालं. मला मात्र दोन गोष्टी कळल्या होत्या आणि त्या माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. रोगलाइकचा आत्मा मला तेव्हा सापडला. त्याला शब्द द्यायला पुढे खूप वर्षं लागली.

आता जिथे खरा रस आहे तिथे येऊ. लोक रोगलाइकची लक्षणं यादीसारखी सांगतात: नकाशा दर वेळी नवा, जीव एकच, चाली आळीपाळीने. यादी केली की वाटतं, यातलं हवं ते उचलावं आणि नको ते सोडावं. पण मूळ रोगमध्ये ही अंगं एकमेकांना धरून उभी आहेत. एक काढलं की बाकीची लंगडी होतात.

एकच जीव घ्या. मेल्यावर पहिल्यापासून खेळायचं असेल आणि नकाशा तोच असेल, तर खेळणारा पाठांतर करणार. पाचव्या वेळी तो विचार न करता चालत सुटेल. म्हणून नकाशा नव्याने मांडावा लागतो. आपल्याकडे याला चपखल शब्द आहे: पत्ते पिसणे. पत्त्यांच्या खेळात प्रत्येक डाव नव्याने पिसतात तो एवढ्यासाठीच. इंग्रजीत ज्याला ‘रन’ म्हणतात त्याला मी मराठीत ‘डाव’ म्हणतो, आणि तुम्हीही म्हणा, कारण तो मोडतो, रंगतो, अंगावर येतो, हे सगळं आपल्याला आधीच ठाऊक आहे.

आता नुसता नकाशा पिसून भागत नाही. चौथ्या डावात लाल औषध म्हणजे जखम भरणारं हे माहीत असेल, तर अर्धं कुतूहल संपलं. म्हणून रोगमध्ये औषधांचे रंग आणि पोथ्यांची नावंसुद्धा दर डावाला पिसली जातात. आज लाल म्हणजे संजीवनी, उद्या लाल म्हणजे आंधळेपणा. पिऊन बघायचं की जपून ठेवायचं, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक डावात ताजा राहतो. आणि तो भेडसावतो कशामुळे? जीव एकच आहे म्हणून. सेव्ह करून पिऊन बघता आलं असतं, वाईट निघालं तर फाइल परत उघडता आली असती, तर त्या बाटलीला काहीच वजन उरलं नसतं. रोगमध्ये जतन केलेली फाइल पुन्हा उघडली की पुसली जायची ती याच कारणाने. जतन करायचं ते घरी जायला, मागे जायला नाही.

मग भूक. नवख्यांना वाटतं भूक हा उगाच दिलेला त्रास आहे. पण भूक काढून बघा. शहाणा खेळाडू प्रत्येक मारामारीनंतर कोपऱ्यात बसून पूर्ण बरा होईपर्यंत वाट बघेल. त्याला कंटाळा येईल, पण तेच सुरक्षित असल्यामुळे तो तेच करेल. भूक त्याला उठवते आणि खाली ढकलते. ते या खेळाचं घड्याळ आहे. तुमच्या भुयारात मशालीचं तेल हे काम करू शकेल, विचार करून बघा.

आणि चाली. तुम्ही पाऊल टाकल्याशिवाय जग हलत नाही. चाल तुमची, मग त्यांची. एकच जीव ही अतिशय कठोर अट आहे, आणि ती न्याय्य वाटायची असेल तर खेळणाऱ्याला हवा तेवढा विचार करू द्यायला हवा. मेलो तेव्हा समोर सगळं स्पष्ट दिसत होतं, पाठीवरच्या पिशवीत सुटकेची पोथी होती, आणि ती वाचायचं मला सुचलं नाही. बोट वेळेवर पडलं नाही ही सबब तिथे चालत नाही. माझ्या मते एकच जीव आणि थांबलेलं जग या दोघांची जोडी हा जुन्या रोगलाइकचा कणा आहे. पिसलेला नकाशा त्या कण्याच्या सेवेला आलेला आहे. आज बाजारात उलटं झालंय. नकाशा पिसला की लोक रोगलाइक म्हणतात.

तुमच्या मित्राने आणलेली बर्लिनची व्याख्या या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. २००८ मध्ये रोगलाइक बनवणाऱ्यांची एक परिषद बर्लिनमध्ये भरली होती. तिथे त्यांनी पाच खेळ समोर ठेवले: रोग, नेटहॅक, अँगबँड, एडॉम आणि क्रॉल. त्यांच्यातलं समान काय ते काढलं. जास्त वजनाचे घटक वेगळे केले: पिसलेलं जग, एकच जीव, आळीपाळीच्या चाली, चौकटींचा पट, सगळ्या कृती सगळीकडे करता येणं, गुंतागुंत, मोजकी साधनं, राक्षसांची कत्तल, शोध. कमी वजनाचे घटक वेगळे: एकच पात्र, राक्षसांनाही तुमचेच नियम, डावपेच, अक्षरांचा पडदा, तळघरं, उघड दिसणारे आकडे. अक्षरांचा पडदा कमी वजनात आहे, हे नीट बघा. ‘चित्रं आली की रोगलाइक संपला’ असं कोणी बर्लिनच्या नावावर सांगत असेल तर ते चूक आहे. शिवाय त्याच मजकुरात स्पष्ट म्हटलंय की एखादा घटक नसला म्हणून खेळ बाद होत नाही आणि काही घटक असले म्हणून तो आपोआप आत येत नाही. आपण कशाचा अभ्यास करतोय हे समजावं म्हणून ही मांडणी आहे, बनवणाऱ्यांवर बंधन घालायला नाही, असंही तिथे लिहिलंय. तुमच्या मित्राने व्याख्या बरोबर वाचली, पण ती काठीसारखी हातात धरली. ती काठी म्हणून लिहिलेलीच नव्हती.

तरीही मी तिला सरसकट मोडीत काढणार नाही. पाच खेळ समोर ठेवून त्यांच्यावरून ओळख सांगायची, ही रीत आपल्याला परकी नाही. किराणा घराणं म्हणजे काय ते आपण कलमं वाचून ठरवत नाही. अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व, भीमसेन जोशी यांना ऐकून कानाला जे कळतं ते किराणा. भीमसेनजींनी बाहेरून कितीतरी घेतलं, म्हणून त्यांना कोणी घराण्याबाहेर काढलं नाही. बर्लिनमधल्या लोकांनी खरं तर पाच गवय्यांची नावं सांगितली आणि म्हटलं, यांना ऐका. तो भाग मला पटतो. अडचण अशी की घराण्याच्या कुशीतून एक वेगळाच गायनप्रकार जन्माला आला आणि त्याला वेगळं नाव मिळायला वेळ लागला.

याचंही उदाहरण पुण्यातच आहे. भास्करबुवा बखले अस्सल ख्यालगायक, तीन घराण्यांची तालीम घेतलेले. १९११ मध्ये त्यांनी पुण्यात भारत गायन समाज काढला. याच बुवांनी रंगभूमीसाठी पदांना चाली दिल्या. राग तेच, ताना त्याच घराण्यांतल्या, पण पद काही मिनिटांत रंगवायचं, नाटकाचा प्रसंग पुढे न्यायचा, आणि रात्रभर बैठकीला न बसणाऱ्या माणसालाही त्यात ओढायचं. त्याला आपण तोकडा ख्याल म्हटलं नाही. नाट्यसंगीत म्हटलं. नाव वेगळं झालं म्हणून दोघांचंही भलं झालं. ख्याल ऐकायला येणाऱ्याला ख्याल मिळाला, पद ऐकायला येणाऱ्याला पद. रोगलाइट आणि रोगलाइक यांच्याकडे मी असं बघतो. रोगलाइट म्हणजे कमअस्सल असं मला कोणी म्हटलं की वाईट वाटतं.

फाटा फुटला कुठे ते थोडक्यात. पहिला मोठा फाटा ‘डायाब्लो’चा, १९९६ चा. डेव्हिड ब्रेविक यांना मोरिया आणि अँगबँडची गोडी होती आणि त्यांनी आखलेला डायाब्लो सुरुवातीला चालींचाच होता. सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे त्यांनी तो चालू वेळेत करून पाहिला, आणि पहिल्या क्लिकलाच फरक जाणवला, असं त्यांनी नंतर सांगितलंय. त्याला लोक रोगलाइक म्हणत बसले नाहीत, ‘ॲक्शन आरपीजी’, म्हणजे पात्र वाढवत मारामारी करायचा खेळ, म्हणाले. वाद टळला. दुसरा फाटा २००८ चा, डेरेक यू यांचा ‘स्पेलंकी’. तो उड्या मारण्याचा खेळ, आणि तरी एकच जीव, पिसलेल्या गुहा, सगळ्या वस्तूंना सगळे नियम लागू. मग २०११ मध्ये ‘बाइंडिंग ऑफ आयझॅक’, २०१२ मध्ये ‘एफटीएल’, २०१३ मध्ये ‘रोग लेगसी’. या शेवटच्या खेळाबरोबर ‘रोगलाइट’ हा शब्द सगळीकडे पसरला. पुढे ‘स्ले द स्पायर’, ‘डेड सेल्स’, ‘हेडीस’ आणि २०२४ मधला ‘बलाट्रो’. बलाट्रोमध्ये तळघर नाही, राक्षस नाही, पत्तेच आहेत, आणि त्यालाही रोगलाइक म्हणतात. तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं त्या अर्थाने खरं आहे. शब्द पसरला आहे. तो आता कोणी मागे ओढू शकणार नाही.

पण पसरलेल्या शब्दातही एक भेद खेळणाऱ्याला पहिल्या तासात जाणवतो. डाव मोडला की पुढच्या डावाला शिदोरी काय, आणि ती कोणाकडे?

माझ्या मते शिदोरी तीन प्रकारची असते. पहिली डोक्यातली. नेटहॅकमध्ये, क्रॉलमध्ये, आणि काही आडवाटा सोडल्या तर स्पेलंकीमध्येही, पात्र कोरं सुरू होतं. सुधारता ते तुम्ही. दुसरी रुंदीची. आयझॅकमध्ये काही साध्य केलं की नव्या वस्तू ढिगात येतात, एफटीएलमध्ये नवी जहाजं, स्ले द स्पायरमध्ये सुरुवातीच्या काही डावांत नवे पत्ते. यात तुम्ही बलवान होत नाही, पर्याय वाढतात. तिसरी ताकदीची. रोग लेगसीत मेलेल्या वीराचं सोनं वारसाकडे जातं आणि त्यातून वाडा वाढवला की पुढच्या सगळ्या वारसांचा जीव आणि वार वाढतो. उरलेलं सोनं पुढच्या डावाच्या दारातच द्यावं लागतं, त्यामुळे साठवता येत नाही. हेडीसमध्ये आरशासमोर उभं राहून कायमचं बळ घेता येतं, आणि मरण हा तर तिथे कथेचाच भाग आहे, मेलं की घरी येऊन माणसांशी बोलायचं.

रेघ काटेकोर नाही हे मान्य करतो. जुन्या घराण्यातही शिदोरीची एक वाट आहे. नेटहॅकमध्ये तुम्ही मेलात तर तो मजला कधीकधी जसाच्या तसा जपला जातो, आणि पुढच्या एखाद्या डावात तुम्हाला तुमचंच भूत आणि तुमचंच सामान सापडतं. पण खेळ त्यातलं बरंचसं सामान शापित करून ठेवतो. वारसा मिळतो तो धोक्यासकट. शुद्धतेचा आग्रह धरणारे हे विसरतात.

माझी दोन मतांतरं झाली ती इथेच. कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा मी कडवा होतो, चाल नाही तर रोगलाइक नाही. स्पेलंकी खेळल्यावर ते कडवेपण गळून पडलं, कारण तिथे माझ्या बोटांना तेच शिकायला मिळत होतं जे नेटहॅकमध्ये डोक्याला मिळालं होतं. मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. म्हणायला लागलो की नावात काय आहे, लिहा काहीही. आणि त्याची किंमत आम्हाला आमच्याच खेळात मोजावी लागली.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी एक खेळ केला होता. लढाई चालू वेळेत, ताकदीची शिदोरी भरपूर. पानावर मोठ्या अक्षरांत ‘रोगलाइक’. पुण्यातल्याच एका छोट्या मेळाव्यात डेमो ठेवला. एका बाजूला जुने खेळाडू आले, दोन डाव खेळले आणि म्हणाले, ‘यात मी हरलो ते माझी तलवार अजून स्वस्तातली आहे म्हणून. मी शिकून काय उपयोग?’ दुसऱ्या बाजूला एक कॉलेजची मुलगी आली. तिला खेळ आवडला होता, पण तिने पानावरचा शब्द वाचून असं धरलं होतं की मेल्यावर सगळंच जातं, म्हणून तिने पैसे जमवण्याकडे लक्षच दिलं नव्हतं. साठवलेल्या पैशाचा उपयोग आहे हे तिला अर्ध्या तासाने कळलं. एकच शब्द दोघांनाही खोटं सांगत होता. त्या रात्री मी घरी येऊन कोऱ्या खात्यावर आमचाच खेळ खेळलो. काही न वाढवता. मी स्वतः तो बनवलेला, प्रत्येक शत्रूची चाल मला पाठ. चौथ्या मजल्याच्या पुढे जाता आलं नाही. आकडेच तसे मांडले होते आम्ही. तेव्हा कळलं की आमच्या खेळात शिकण्यापेक्षा साठवणं जास्त महत्त्वाचं होतं, आणि हे आम्ही पानावर कुठेच सांगितलं नव्हतं.

ते वाईट होतं असं नाही. दमून घरी आलेल्या माणसाला, आज हरलो तरी ढाल एक पायरी वाढली, याचं समाधान देणं ही चांगली गोष्ट आहे. लहानपणी वाड्यात लपाछपी खेळताना सगळ्यात धाकट्याला आपण लिंबूटिंबू करायचो. तो आऊट झाला तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही. त्याच्यामुळे खेळ बिघडायचा नाही, उलट तोही खेळात राहायचा आणि पुढच्या वर्षी पक्का भिडू व्हायचा. पण तो लिंबूटिंबू आहे हे सगळ्यांना आधी सांगितलेलं असायचं. पक्का भिडू म्हणून घेतलेल्याला मधेच सवलत दिली की भांडण ठरलेलं.

म्हणून तुमच्यासाठी एक कसोटी सांगतो. मी तिला कोऱ्या खात्याची कसोटी म्हणतो. तुमच्यातला जो सगळ्यात तरबेज आहे त्याला नवीन फोनवर खेळ टाकून द्या. एकही होन खर्च न करता त्याला शेवटपर्यंत जाता येतं का? दहा-बारा डावांत एकदा जरी आलं, तर तुमची ढाल-तलवार ही मदत आहे, खेळाचा पाया खेळणाऱ्याच्या शिकण्यावर आहे. तेव्हा ‘ॲक्शन रोगलाइक’ लिहिलंत तरी मी हरकत घेणार नाही. स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानात हे लेबल आहेच, आणि जुन्या घराण्यासाठी ‘पारंपरिक रोगलाइक’ असं वेगळं लेबलही आहे, त्यामुळे कोणाची जागा कोणी घेत नाही. आणि जाताच येत नसेल, तर तुमचा खेळ ताकदीच्या शिदोरीवर उभा आहे. मग तो रोगलाइट आहे आणि तसंच लिहा. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून मला हे दुसरं वाटतं.

मोबाइलचं म्हणून एक सांगतो. ‘पिक्सेल डंजन’ हा २०१२ मधला अँड्रॉइडवरचा खेळ. त्याचा सोर्स कोड पुढे खुला झाला आणि त्यातून ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’ आला. दोन्ही चालींचे, एका अंगठ्याने खेळता येणारे, आणि दोन्हींत पात्र कोरं सुरू होतं. म्हणजे फोनवर लोकांना असला कठोर खेळ झेपत नाही, हे खरं नाही. पुण्यातल्या पीएमपी बसमध्ये उभ्याने खेळताना तर थांबलेलं जग ही केवढी सोय आहे. हात सोडून दांडा धरावा लागला तरी राक्षस वाट बघत बसतो. तुमची लढाई चालू वेळेत का आहे, याचा एकदा विचार करा. जमली म्हणून ठेवली असेल तर एका दुपारी चालींची करून बघा. ब्रेविकनी उलट दिशेने केलं तसंच.

माझे एक मामा आहेत, बँकेतून निवृत्त, आयुष्यभर ब्रिज खेळलेले. संगणकावरचा खेळ म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना मी क्रॉल दाखवला. तीन वेळा मेले. चौथ्यांदा म्हणाले, ‘हे ब्रिजसारखंच आहे रे. पानं कशी आली ते आपल्या हातात नाही. कशी खेळलो ते आहे.’ मग त्यांना हेडीस दाखवला. तोही त्यांना आवडला, गोष्टीसाठी. पण दहाव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, ‘म्हणजे यात हरलं की पुढच्या डावाला हुकूम जास्त मिळतात?’ एवढा एकच प्रश्न विचारून ते दोन्ही खेळांमधला फरक समजून बसले होते, आणि मला तो मांडायला वीस वर्षं लागली होती.

पानावरच्या मजकुराचं शेवटचं. लेबल एक शब्दाचं असतं, पण त्याखाली दोन ओळी लिहायला जागा असते, आणि माझ्या अनुभवात लोक त्या वाचतात. तिथे साध्या मराठीत लिहा: ‘प्रत्येक डावाला नवं भुयार. जीव एकच. लढाई चालू वेळेत. डाव मोडला तरी होन तुमचे, त्यातून ढाल-तलवार कायमची वाढते.’ या चार वाक्यांत तुमच्या मित्राची शंका मिटते आणि मैत्रिणीची अडचणही सुटते. जुन्या घराण्याचा माणूस दुसऱ्या वाक्यापर्यंत खूश होईल, चौथ्यावर त्याला कळेल की हा आपल्यासाठी नाही, आणि तो एका ताऱ्याचा वाईट शेरा न मारता निघून जाईल. नवा माणूस चौथं वाक्य वाचूनच आत येईल.

कोऱ्या खात्याची कसोटी करून झाली की बिल्ड, म्हणजे खेळाची चालू आवृत्ती, पाठवा. शनिवारी मी मामांकडे जातो, त्यांच्याही हातात देईन. होन खर्च करता येतात हे त्यांना आधी सांगणार नाही.